बॉयलरवाल्याचा कुकर

सगळी गल्ली त्यांना भोंगेकाका म्हणायची, त्याला दोन कारणं होती. एक म्हणजे, कापडाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळता सांभाळता त्यांनी छत्तीस वर्षं तिथला भोंगाही वाजवला होता. आणि दुसरं, त्या बॉयलरने त्यांचे कान निम्मे खाल्ल्यामुळे ते स्वतःही भोंग्यासारखेच बोलत. गुपित सांगायला लागले तरी ते खालच्या मजल्यापर्यंत जायचं. त्यांची बायको म्हणायची, "आमच्याकडे भांडण होत नाही, जाहीर सभा होते."

ही बायको उन्हाळ्याच्या तोंडाशी गेली. आठ दिवस ताप होता आणि नवव्या दिवशी ती उठलीच नाही. माणूस गेलं की लोक येतात, बसतात, चहा पितात आणि मग आपापल्या घरी जातात. जावंच लागतं त्यांना. त्यांच्या घरी गॅसवर काहीतरी ठेवलेलं असतं. भोंगेकाकांच्या घरी गॅसवर काहीच नव्हतं. तीन आठवडे ते ब्रेड, केळी आणि शेजारून आलेल्या वाट्या यांवर होते.

मुलगा एक होता, तो बोटीवर इंजिनरूममध्ये. सहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. सून सरकारी दवाखान्यात नर्स, भाजलेल्यांच्या वॉर्डात. तिचं घर इथून बसने दोन थांबे पुढे. आणि नात तिसरीत. खाताना दोन्ही गाल भरून घ्यायची आणि मग सावकाश चघळत बसायची, म्हणून आजीने तिचं नाव खारूताई ठेवलं होतं. तिच्या शाळेचं मागचं फाटक काकांच्याच गल्लीत उघडायचं. एक ते एक चाळीस जेवणाची सुट्टी. जायला यायला दहा मिनिटं धरली तर उरला अर्धा तास. त्या अर्ध्या तासात आजी तिला गरम गरम जेवायला घालायची. दोन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

रविवारी संध्याकाळी सून फ्रीज भरायला आली. दूध ठेवलं, अंडी ठेवली आणि फ्रीजचं दार लावता लावता म्हणाली, "बाबा, शाळेत जेवणाची सोय आहे. नाव घालायला शुक्रवारपर्यंत मुदत आहे. मी खारूचं नाव घालते."

"का? इथं काय वाईट आहे?"

"इथं करणार कोण?"

"मी."

सून हसली नाही. हसली असती तर काकांना बरं वाटलं असतं.

"बाबा, चहाची साखर कुठल्या डब्यात असते हे तुम्हाला परवा कळलं."

"कळलं ना?"

"मिठाचा चहा प्यायल्यावर कळलं." मग ती खुर्चीवर बसली आणि जरा मोठ्याने, त्यांना नीट ऐकू जावं म्हणून, बोलली, "खरं सांगू का? अर्ध्या तासात पोरीला जेवायला घालायचं म्हणजे कुकर लावावा लागतो. तुम्हाला कमी ऐकू येतं. पोर भुकेली येणार, तुमची घाई होणार. घाईत काय होतं ते मी रोज खाटेवर बघते. मला भीती वाटते."

"सूनबाई, आपल्या घराएवढा बॉयलर चालवलाय मी. आता हे ओंजळभर भांडं मला शिकवणार?"

"बॉयलरमध्ये भात लावला होतात का कधी?"

 काकांनी माघार घेतली नाही. खरं म्हणजे त्यांना पोरीला जेवू घालायचं होतं ते नंतरचं. आधीची गोष्ट अशी होती की त्या अर्ध्या तासाशिवाय त्यांच्या घराचं दार दिवसभर कोणी वाजवणार नव्हतं. खारूताई शाळेत जेवायला लागली असती, तर ते सकाळी उठले काय आणि नाही उठले काय, कोणालाच त्याचं सोयरसुतक नसतं. हे ते सुनेला सांगू शकले नाहीत. ते म्हणाले, "पाच दिवस दे मला."

सुनेने पर्समधला शाळेचा फॉर्म काढून दाखवला. "शुक्रवारी मला सुट्टी आहे. मी स्वतः येते. पोर पोटभर जेवून वेळेत परत गेली तर फॉर्म देत नाही. नाहीतर शाळेच्या ऑफिसात देऊनच घरी जाते. कबूल?"

"कबूल."

मग तिने बोटांवर मोजून सांगितलं. तळाला पाणी, खालच्या डब्यात डाळ, वरच्या डब्यात तांदूळ, झाकण, शिट्टी. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद.

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि यासाठी बायका एवढ्या दमतात?"

सून पर्स उचलून गेली.

आता भोंगेकाकांच्या धंद्यातली एक गोष्ट इथं सांगायला हवी, नाहीतर सोमवारी काय झालं ते कळायचं नाही. बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. दाब हद्दीबाहेर गेला की तो उघडतो आणि वाफ किंचाळत बाहेर पडते. बाहेरच्या माणसाला वाटतं, वा, काय जोरात काम चाललंय! पण बॉयलरवाल्याला ती मान खाली घालायची गोष्ट. व्हॉल्व्ह उडाला म्हणजे आग सांभाळता आली नाही, जळण फुकट गेलं, आणि हे साऱ्या कारखान्याने ऐकलं. कँटीनमध्ये लोक मुद्दाम विचारायचे, "काय राव, आज गाडी सुटली का तुमची?" छत्तीस वर्षांत काकांचा व्हॉल्व्ह चार वेळा उडाला होता. चारही तारखा त्यांना पाठ होत्या.

त्यामुळे कुकरची शिट्टी हा त्यांना घरातला अपमान वाटायचा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी बायकोला समोर बसवून तासभर शिकवलं होतं. शिट्टी होणं हा गुण नव्हे, दोष आहे. ती नुसती थरथरायला लागली की आच बारीक करायची, दाब तेवढाच राहतो, वाफही वाया जात नाही. बायकोने खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला कुकरने अशी शिट्टी मारली की काका गॅलरीतून धावत आले. "उडवलास ना व्हॉल्व्ह!"

"उडाला," ती म्हणाली. "आलाच आहात तर बसा जेवायला."

पुढची कित्येक वर्षं हे असंच चाललं. नळी फुंकिली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे, असं म्हणून काकांनी शेवटी हात टेकले. पण ओरडायचं काही सोडलं नाही.

तर सोमवारी साडेबाराला काकांनी कुकर लावला. पाणी अगदी मापात. झाकणाचं रबर बोटाने फिरवून पाहिलं. गॅस मोठा केला आणि समोर स्टूल घेऊन बसले, जसे कारखान्यात दाबाच्या काट्यासमोर बसत तसे. पाच-सहा मिनिटांत शिट्टी थरथरायला लागली. आणि काकांचा हात आपोआप पुढे गेला आणि त्याने आच बारीक केली. त्यांनी ठरवून केलं नाही. हातानेच केलं. छत्तीस वर्षांची सवय ती, मालकाला विचारत बसत नाही.

मग ते तीन शिट्ट्यांची वाट बघत बसले.

एकला घंटा झाली. एक पाचला खारूताई आली, हात धुऊन ताटासमोर बसली. "आजोबा, वाढा."

"थांब. अजून एकही शिट्टी झाली नाही."

एक दहा झाले. शिट्टी आपली बसल्या जागी थरथरत होती, थंडी वाजल्यासारखी. काकांनी मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. एक पंधरा झाले. खारूताईने ताटावर चमचा वाजवायला सुरुवात केली. एक वीसला काकांनी कंटाळून गॅस बंद केला, पण मग दाब उतरेपर्यंत थांबणं आलं. पोरगी दोन केळी आणि चार बिस्किटं खाऊन परत गेली. नंतर त्यांनी डबे काढले तेव्हा डाळ कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं, आणि भात असा झाला होता की त्याने पाकिटं चिकटवली असती तर पोस्टातही उघडली नसती.

मंगळवारी त्यांनी ठरवलं, आज होऊ द्यायच्या शिट्ट्या. हात पाठीमागे बांधून उभे राहिले. शिट्टी थरथरली. काकांचे दात एकमेकांवर घट्ट बसले. ती डोलायला लागली. काकांनी छताकडे पाहिलं. आणि तिने पहिली किंकाळी फोडली मात्र, पाठीमागचा हात सुटला आणि गॅस फट्दिशी बंद! पुन्हा पेटवावा असं त्यांच्या डोक्यात आलं, पण काही केल्या हात त्या बटणाकडे जाईना. एकदा उडालेल्या व्हॉल्व्हखाली पुन्हा जाळ कोण घालतो?

खारूताईने पहिला घास घेतला, दोन्ही गाल भरले, आणि चघळायची थांबली.

"काय झालं?"

"कुरकुरतंय."

"काय कुरकुरतंय?"

"भात."

काकांनी एक शीत दाताखाली धरलं. काल खळ होती, आज खडी. त्यांनी ताट तिच्यासमोरून ओढून घेतलं आणि ब्रेडला लोणी लावायला लागले. लोणी कडक होतं, ब्रेड फाटला. त्यांनी दुसरा घेतला. तोही फाटला. पोरगी त्यांच्याकडे बघत होती. लहान मुलांना मोठ्या माणसाचं रडं फुटायच्या आधीच कळतं, आणि मग ती काहीतरी कामाचं बोलतात.

"आजोबा, तुम्ही शिट्टीची वाट कशाला बघता?"

"तुझ्या आईने सांगितलं. तीन शिट्ट्या."

"पण आजी तर घड्याळ बघायची."

काकांनी सुरी खाली ठेवली. "काय म्हणालीस?"

पोरीने जवळ येऊन मोठ्याने सांगितलं, "आजी घड्याळ बघायची! शिट्टी हलायला लागली की गॅस एवढासा करायची. मग मोठा काटा दोन घरं चालला की झालं. एक घर म्हणजे पाच मिनिटं. मला त्यावरूनच तर घड्याळ यायला लागलं."

"मग रोज शिट्टी व्हायची ती? मी रोज ओरडत यायचो ती?"

"ती शेवटी." खारूताईने फाटका ब्रेड तोंडात कोंबला, त्यामुळे पुढचं गालातून आलं. "ताटं वाढायला घेतली ना, की आजी गॅस मोठा करायची. एक शिट्टी झाली की तुम्ही यायचात. आजी म्हणायची, हाका मारून माझा घसा बसतो आणि तुझे आजोबा तिकडे पेपर वाचत बसतात. भोंग्याला भोंगाच ऐकू येतो."

काकांनी कुकरची शिट्टी काढून हातात घेतली.

"एकदा शिट्टी झाली आणि तुम्ही आलाच नाहीत," ती पुढे म्हणाली, "तर आजीने अजून एक केली. मग आलात. 'दोन-दोनदा उडवतेस!' असं म्हणालात."

"आणि मी ओरडायचो तेव्हा आजी काय करायची?"

"हसायची. तोंड तिकडे करून."

शाळेची पहिली घंटा झाली आणि खारूताई दप्तर न आणता दप्तर घेतल्यासारखी खांदे उडवत पळाली. काका तिथेच बसले. आता त्यांना एक एक आठवायला लागलं. ते तावातावाने स्वयंपाकघरात शिरायचे तेव्हा ताट वाढलेलं असायचं. पाणी भरलेलं असायचं. व्हॉल्व्ह उडवणाऱ्या, आग सांभाळता न येणाऱ्या बाईच्या हातचा भात एकदाही खळ झाला नाही की खडी झाला नाही. हे इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं. ती त्यांनी शिकवलेलं सगळं पहिल्याच वर्षी शिकली होती. शिकली होती आणि वर त्यांनाच शिकवून ठेवलं होतं, कळूही न देता. कारखान्यात एवढा हुशार माणूस हाताखाली मिळाला असता तर काकांनी डोक्यावर घेऊन नाचवला असता.

ते हसले. मग बराच वेळ रडले. बाहेर कोणाला ऐकू गेलं असेल तर गेलं असेल; आवाज लहान करणं त्यांना जमतच नव्हतं.

बुधवारी शिट्टी थरथरली, हात पुढे गेला, आणि या वेळी काकांनी त्याला जाऊ दिलं. मोठा काटा दोन घरं चालला. गॅस बंद. मग दाब आपोआप उतरेपर्यंत त्यांनी लसूण ठेचून तेलात टाकला, टोमॅटो चिरून घातला, आणि एकच्या ठोक्याला झाकण काढलं. भाताचं शीत न शीत सुटं होतं. खारूताई आली, तिने गाल भरले आणि बराच वेळ काही बोललीच नाही. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट काकांना कारखान्यातही मिळालं नव्हतं. गुरुवारी तिने दुसऱ्यांदा घेतलं आणि वर विचारलं, "उद्या आई येणार ना? मग तांदूळ, डाळ, गाजर, वाटाणे सगळं एकत्र करा. डब्यात नाही, कुकरमध्येच. आईला आवडतं."

शुक्रवारी काकांनी बाराला सगळं चिरून ठेवलं. दाढी केली. साडेबाराला कुकर लावला. पाच मिनिटं झाली, सात झाली, शिट्टी हलेना. काकांनी वाकून पाहिलं तर झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसत होती. हा आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता. रबर सैल झालं होतं.

दुसरा कोणी असता तर त्याने वरून दाबून पाहिलं असतं, जड काहीतरी ठेवलं असतं. काकांनी गॅस बंद केला. थांबले. झाकण काढलं, रबर काढून गार पाण्यात टाकलं, म्हणजे ते आवळतं. बायकोला तसं करताना त्यांनी पाहिलं होतं आणि तेव्हा, रबराला कसली अंघोळ घालतेस, म्हणून हसलेही होते. कड पुसली, रबर उलटं करून बसवलं, झाकण लावलं, पुन्हा गॅस. या वेळी शिट्टी थरथरली. पण तोवर एक वाजायला दोन मिनिटं होती.

एक पाचला माय-लेकी एकदमच दारात आल्या. सुनेने चपला काढता काढता स्वयंपाकघरात पाहिलं. "झालं का बाबा?"

"मोठा काटा अजून अर्धं घर चालायचाय."

तिला ते कळलं नाही. खारूताईने कळवलं.

एक आठला गॅस बंद झाला. आता दाब उतरायचा होता. आज भांडं काठोकाठ नसलं तरी तिघांचं होतं. जड होतं, सावकाश निवणार होतं. एक पंधरा झाले. काकांनी शिट्टीला चमच्याच्या टोकाने हलकेच शिवून पाहिलं. फुस्स! अजून होता दाब. एक वीस. अजून होता.

"आजोबा, काढा ना! मला भूक लागलीय!"

"पंधरा मिनिटं राहिली बाबा," सून दाराला टेकून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण पर्स तिने खांद्यावरून उतरवली नव्हती.

"चमच्याने शिट्टी उचला, सगळी वाफ जाते," खारूताई म्हणाली. "माझ्या वर्गातल्या मुलीची आई अशीच करते."

चमचा काकांच्या हातातच होता. त्यांना माहीत होतं, एकदा ही शिट्टी उचलली की दोन मिनिटांत झाकण निघेल, पोर जेवेल, पळत जाईल, घंटेला पोचेल, आणि फॉर्म पर्समध्येच राहील. आणि त्यांना हेही माहीत होतं की आत नुसतं पाणी नाही. डाळ आहे, तांदूळ आहे, फेस आहे. तो सगळा त्या बारक्या भोकातून वर येणार, आणि ओट्याशी नाक लावून एक भुकेली खार उभी आहे. त्यांचा हात शिट्टीपर्यंत गेला. सून दारातून त्या हाताकडे बघत होती.

काकांनी चमचा बेसिनमध्ये टाकला.

"मागे हो," ते पोरीला म्हणाले. "आणखी मागे. दाब असेपर्यंत याला कोणी हात लावायचा नाही."

"मग नळाखाली धरा," सून म्हणाली. "कडेने गार पाणी सोडलं की उतरतो. ते चालतं, बाबा."

"तापल्या बॉयलरला गार पाणी पाजणारा एक माणूस मला माहीत होता."

"मग?"

"मग काय? होता म्हणालो ना."

खारूताई खिदळली. सुनेने ओठ दाबून धरले. काकांनी पोरीला ब्रेड-लोणी दिलं, एक केळं दिलं, एक उकडलेलं अंडं सुनेने फ्रीजमधून काढून दिलं. एक पस्तीसला ती निघाली. दारातून वळून म्हणाली, "आजोबा, आज तुम्ही नापास!" आणि जिना दणाणत गेली.

घरात शांत झालं. कुकर ओट्यावर हलकेच टकटक करत निवत होता. काकांनी पुन्हा शिट्टीला शिवलं नाही. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "बोली ती बोली. पोर पोटभर जेवून गेली नाही. तुझा फॉर्म देऊन टाक. शाळेचं ऑफिस तीनपर्यंत उघडं असतं."

सुनेने पर्स उतरवून खुर्चीला अडकवली. "निवू दे आधी. मलाही भूक लागलीय."

दहा मिनिटांनी काकांनी शिट्टी बोटाने उचलली. आवाज नाही. झाकण फिरवलं, आणि गाजर-वाटाण्याचा वास घरभर गेला. तिने दोन ताटं घेतली. 

"मीठ?" काकांनी विचारलं.

"बरोबर आहे. या वेळी डबा बरोबर उघडलात." मग ती ताटातच बघत म्हणाली, "बाबा, माझ्या वॉर्डात सध्या सात नंबरच्या खाटेवर एक बाई आहे. कुकरची वाफ. हात आणि गळा. पोरं शाळेतून आली होती, घाई होती, एवढंच. मी दारात उभी राहून मनात म्हणत होते, आता उचलतील. आता उचलतील. पोर शाळेत उशिरा गेली तर तिच्या बाई ओरडतील, एक दिवस कमी जेवली तर रात्री दोन घास जास्त खाईल. मला त्याचं काही नव्हतं हो. मला तुमचा हात बघायचा होता."

काकांना सगळं ऐकू गेलं. ते म्हणाले, "काय म्हणालीस?"

"फॉर्म देत नाही म्हणाले!" सून ओरडली.

"ओरडतेस कशाला? खाली लोक राहतात."

ती हसली तेव्हा तिच्या नाकात घास गेला आणि काकांनी तिला पाणी दिलं. पाणी पिऊन, डोळे पुसून ती म्हणाली, "पण नवं रबर आजच आणा. आणि सव्वाबाराला लावत जा, साडेबाराला नको. आणि गार पाण्याचं मी दाखवते तुम्हाला. खरंच काही होत नाही."

"रबर आणतो. सव्वाबाराला लावतो. गार पाणी माझ्या घरात चालणार नाही."

"सुंभ जळला तरी..."

"हो, जळला तरी. पुढचं बोल."

"पुढचं म्हणजे," ती जरा घुटमळली, "सोमवारपासून माझी सकाळची ड्युटी आहे. साडेबाराला सुटते. कँटीनचं खाऊन खाऊन कंटाळा आलाय मला. मलाही धराल का?"

 काका ओट्याकडे गेले, तांदळाचा डबा उघडून आत पाहिलं, झाकण लावलं, पुन्हा येऊन बसले.

"मग पाऊण वाटी तांदूळ वाढवावा लागेल," ते म्हणाले. "आणि एकच्या आत आलीस तर कोशिंबीर चिरायला मदत. आयतं मिळणार नाही."

"बरं."

"आणि तिखट?"

"कमी. खारूला चालतं, मला नाही चालत."

बोलता बोलता तिने कुकर पुढ्यात ओढला आणि तळाशी राहिलेलं सगळं पळीने खरवडून आपल्या ताटात घेतलं. ते काकांनी रात्रीसाठी ठेवलं होतं.  ब्रेड होता घरात अजून.